भाजलेली करंजी: पारी, सारण आणि आच यांचा हिशेब

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका ताईंनी विचारले आहे की, घरातील ज्येष्ठांना तळलेले पदार्थ कमी करण्यास सांगितल्यामुळे मागील दिवाळीत त्यांनी करंज्या तळण्याऐवजी ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, भाजल्या. पण त्या बिस्किटापेक्षाही कडक झाल्या, रंगाने पांढरट राहिल्या, काहींची मुरड उकलून सारण बाहेर आले आणि उरलेल्या दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या. या वर्षी सारणात बेळगावचा कुंदा घालण्याची त्यांची इच्छा आहे, तो ओव्हनमध्ये टिकेल का, आणि हाच प्रयोग गणपतीतही करता येईल का, असेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

ताई, बेळगावच्या शहापूर भागात घरगुती बेकरीचे काम करताना आणि ते शिकवताना हा प्रश्न माझ्यापुढे दर वर्षी येतो आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते. तळण्यासाठी जे पीठ भिजवायचे तेच पीठ आपण ओव्हनमध्ये घालतो. करंजी सुमारे 150 ते 160 अंश सेल्सिअस तापलेल्या तुपात किंवा तेलात पडते, तेव्हा तिला सर्व बाजूंनी एकाच वेळी उष्णता लागते, पारीतील पाणी बुडबुड्यांच्या रूपाने वेगाने बाहेर पडते आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेत स्निग्धांश शिरतो. म्हणूनच पिठात मोहन बेताचे असले तरी तळलेली करंजी खुसखुशीत होते. ओव्हनमधील गरम हवा उष्णता फार सावकाश पोहोचवते. पाणी निघून जाते, परंतु त्याची जागा घ्यायला तूप कोठूनही येत नाही. मग मळताना तयार झालेली ग्लुटेनची (गव्हातील चिवट प्रथिनांची) जाळी तशीच वाळते आणि दाताला कडक लागते. पीठ सैल भिजवलेले असेल तर आतली वाफ जास्त होते आणि ती मुरडीतूनच वाट काढते. थोडक्यात, कढईत जे तूप तळताना मिळते ते ओव्हनच्या करंजीला आधीच, पिठातच, द्यावे लागते. पाणी कमी ठेवावे लागते आणि वेळ अधिक द्यावा लागतो.

यामुळे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. भाजलेली करंजी म्हणजे बिनतुपाची करंजी नव्हे. पुढे दिलेल्या प्रमाणाने केलेल्या प्रत्येक करंजीत सुमारे 5 ग्रॅम तूप असते आणि साखर तर तळलेल्या करंजीइतकीच असते. भाजण्याचा खरा लाभ असा की, नेमके किती तूप पोटात जाते हे आपल्याला ठाऊक असते, वारंवार तापलेले तेल वापरावे लागत नाही आणि करंजीला हाताला लागणारा तेलकटपणा राहत नाही. आपल्या घरातील ज्येष्ठांना मधुमेह किंवा हृदयविकाराचा त्रास असल्यास भाजलेली आहे म्हणून चार खाल्ल्या तरी चालतील, असे कृपया समजू नये. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाणच पाळावे.

सणाचे गोड कोरड्या आचेवर करणे हे आपल्या भागाला परके नाही. बेळगावचे मांडे उलट्या भांड्यावर भाजले जातात, पुरणपोळी आणि खव्याची पोळी तव्यावर होते, आणि नानकटाईचे पीठ घरी मळून भट्टीवर भाजून आणण्याची पद्धत अजूनही अनेकांच्या स्मरणात आहे. त्यामुळे करंजी भट्टीत गेली म्हणजे ती केकच्या कुळात गेली, असे मी मानत नाही. मात्र तिला चॉकलेटचे सारण भरून वरून रंगीत साखर पेरणे मला पटत नाही, कारण मग खोबरे, खसखस, वेलदोडा आणि तूप यांचा जो मेळ करंजीला करंजी करतो तोच हरवतो. नवेपणा भाजण्याच्या तंत्रात असावा आणि चव ओळखीची राहावी, या मर्यादेतच मी पुढचे सर्व सांगत आहे.

प्रथम पारी. वीसेक करंज्यांसाठी 200 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम चिरोटी रवा, 75 ग्रॅम गोठलेले साजूक तूप, पाव चहाचा चमचा मीठ, एक चमचा पिठीसाखर आणि 80 ते 90 मिलिलिटर थंड दूध घ्यावे. आपल्या बाजारात चिरोटी रवा सहज मिळतो. तो नेहमीच्या बारीक रव्यापेक्षाही बारीक असतो आणि पारीला कुरकुरीतपणा देतो, पण प्रमाण याहून वाढवल्यास पारी लाटताना कडेने चिरते. कढईच्या करंजीसाठी आपण मोहन कडकडीत तापवून पिठावर ओततो. येथे तसे करू नये. गोठलेले तूप बोटांच्या टोकांनी पिठात चोळावे आणि मिश्रण ओलसर रव्यासारखे दिसू लागले, मूठ दाबली असता तिचा आकार टिकू लागला, की थांबावे. असे केल्याने पिठाच्या कणांवर तुपाचा थर बसतो, दुधातील पाणी त्या कणांपर्यंत कमी पोहोचते आणि ग्लुटेनची जाळी लांब वाढत नाही. खुसखुशीतपणाचा पाया येथेच घातला जातो. एकदा तो बिघडला की पुढे ओव्हनमध्ये कितीही काळजी घेतली तरी सुधारत नाही.

दूध एकदम ओतू नये. थोडे थोडे शिंपडत पीठ केवळ गोळा होईल इतपत आवळावे. ते पुरीच्या पिठापेक्षा घट्ट असले पाहिजे आणि मळणे शक्य तितके कमी असावे. हे विशेष करून सांगण्याचे कारण असे की, तळणीच्या करंजीचे पीठ चांगले कुटावे, मळून मऊ करावे, असे आपल्या घराघरांतून शिकवले जाते आणि कढईसाठी ते योग्यही आहे. ओव्हनसाठी मात्र तेच कष्ट करंजीला कडक करतात. पीठ ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे, म्हणजे रवा दूध शोषून घेतो आणि लाटताना पारी आक्रसत नाही.

साटा (थर सुटण्यासाठी पारीला लावायचे तूप-पिठीचे मिश्रण) लावायचा की नाही, हे आपल्या हौसेवर अवलंबून आहे, परंतु मी लावण्याच्या बाजूची आहे. 30 ग्रॅम तूप हाताने फेसून हलके करावे आणि त्यात तेवढीच तांदळाची पिठी मिसळावी. पिठाच्या तीन पोळ्या लाटून प्रत्येकीवर साटा पसरावा, एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी करावी, तिचे सुमारे 20 ग्रॅमचे तुकडे कापावेत आणि पारी लाटावी. तांदळाच्या पिठीत ग्लुटेन नसल्यामुळे दोन थर एकमेकांना चिकटत नाहीत आणि पापुद्रे सुटतात. कढईच्या साट्याच्या करंजीला पुष्कळ पदर शोभतात. ओव्हनमध्ये मात्र पदर फार झाले की सारणातील साखर त्यांच्यातून झिरपते, म्हणून तीन पोळ्यांपुढे जाऊ नये. पारी साधारण दोन मिलिमीटर जाड आणि नऊ-साडेनऊ सेंटिमीटर रुंद असावी.

तुपाऐवजी लोणी चालेल का, असेही पुष्कळ जण विचारतात. बाजारातील बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्धांश आणि 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असते. घरच्या लोण्यात पाणी त्याहून अधिक असते. ते पाणी पिठात मिसळून पारीला चिवटपणा आणते, म्हणून लोणी वापरायचेच असल्यास दूध बरेच कमी करावे लागते. साजूक तुपात पाणी जवळजवळ नसतेच आणि त्याचा कण पारीला नानकटाईसारखा भुसभुशीतपणा देतो. वनस्पती तूप आणि बेकरीचे मार्गरीन वापरल्यास पदर देखणे सुटतात, हे खरे आहे; देशात जानेवारी 2022 पासून अशा स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादाही आहे. तरीही ज्येष्ठांसाठी म्हणून करंजी भाजायची आणि त्यात वनस्पती घालायचे, यात मला संगती दिसत नाही.

मैद्याला पर्याय हवा असल्यास आपल्या जिल्ह्यात पिकणाऱ्या खपली गव्हाचे पीठ मैद्याच्या एक चतुर्थांश भागाऐवजी घालून पाहावे. खपलीचे ग्लुटेन दुबळे असल्यामुळे पारी अधिक ठिसूळ होते आणि भाजल्यावर तिला छान खमंग वास येतो. मात्र सर्व पीठ खपलीचे घेतल्यास मुरड घालताना पारी तुटते.

आता कुंद्याकडे वळू, कारण आपल्या प्रश्नातील सर्वांत रसाळ भाग हाच आहे. दूध आणि साखर तासन्‌तास आटवून, दूध दाणेदार आणि तपकिरी होईपर्यंत परतून कुंदा केला जातो; त्याचा रंग आणि त्याची चव दोन्ही दुधातील प्रथिने व साखर यांच्या तापण्यातून आलेली असतात. म्हणजे कुंदा आधीच भाजलेला पदार्थ आहे आणि त्यामुळे भाजलेल्या पारीशी त्याचे जमते. अडचण फक्त त्यातील ओलाव्याची आहे. दुकानादुकानांतील कुंद्यात फरक असतो; काही ठिकाणी तो मऊ आणि तुपाळ मिळतो, काही ठिकाणी कोरडा व रवाळ. करंजीसाठी रवाळ कुंदा आणावा. 150 ग्रॅम कुंदा जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर सतत हलवत राहावे आणि दाणे सुटे होऊ लागले, कडेने किंचित तूप दिसू लागले, की उतरवावे. त्याचा रंग याहून गडद होऊ देऊ नये. ओव्हनमध्ये त्याला पुन्हा उष्णता लागणार आहे आणि जास्त परतलेला कुंदा तेथे कडवट होतो.

कुंदा पूर्ण गार झाल्यावर हाताने मोकळा करावा आणि त्यात 80 ग्रॅम किसून भाजलेले सुके खोबरे, 20 ग्रॅम भाजून कुटलेली खसखस, 40 ग्रॅम पुटाण्याचे (भाजलेल्या डाळ्याचे) बारीक पीठ, वेलदोडा, थोडे जायफळ आणि चव पाहून 20 ते 30 ग्रॅम पिठीसाखर मिसळावी. पुटाणे येथे चवीसाठी कमी आणि कामासाठी अधिक आहेत. आपल्याकडील कन्नड घरांतल्या कर्जिकाईत, म्हणजे त्यांच्या करंजीत, पुटाण्याचे पीठ असतेच. ते सारणातील उरलासुरला ओलावा धरून ठेवते आणि तो पारीत उतरू देत नाही. आपल्या करंज्या दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या, त्याचे प्रमुख कारण हेच असावे की सारण पुरेसे कोरडे नव्हते किंवा ते कोमट असतानाच भरले गेले. सारण मुठीत दाबून सोडल्यावर पुन्हा मोकळे झाले पाहिजे. त्याचा गोळा राहत असेल तर आणखी थोडे खोबरे किंवा पुटाणे घालावेत.

ओल्या नारळाचे सारण भाजलेल्या करंजीत घालू नये, असे माझे मत आहे. घालायचेच असल्यास ती करंजी त्याच दिवशी संपवावी. गुळाचे सारण रुचकर लागते, पण गूळ हवेतील ओलावा ओढतो आणि तापल्यावर पातळ होऊन मुरडीतून उकळत बाहेर येतो, म्हणून निम्म्याहून अधिक साखरेच्या जागी गूळ घेऊ नये. गोकाकचा करदंट बारीक चिरून भरण्याची कल्पनाही काही जणांनी मला विचारली आहे. त्यातही गुळाचा पाक असल्यामुळे तो एकटा भरता येत नाही. खोबऱ्याच्या कोरड्या सारणात चवीपुरता मिसळल्यास डिंक आणि सुकामेवा दाताखाली येतो आणि फार छान लागतो.

भरताना प्रत्येक पारीत 15 ग्रॅमच्या आसपास सारण घ्यावे. तळणीची करंजी आपण टच्च भरतो. ओव्हनमध्ये थोडी मोकळी जागा ठेवणे हिताचे असते. कडेला दुधाचे बोट फिरवून हवा राहणार नाही अशा रीतीने दाबावे, मग कातण्याने कापावे किंवा मुरड घालावी. मुरड सुंदर दिसते, परंतु ती जाड झाली की आतून कच्ची राहते. म्हणून ती चपटी आणि बारीक असावी. प्रत्येक करंजीच्या पाठीवर दात कोरणीने दोन-तीन टोचे द्यावेत, म्हणजे वाफेला वाट मिळते आणि ती मुरड फोडत नाही. भरलेल्या करंज्या भाजण्यापूर्वी 20 मिनिटे फ्रिजमध्ये ठेवाव्यात. तूप गोठलेले असताना करंजी ओव्हनमध्ये गेली, तर ते वितळून पसरण्याआधी पारीला आकार धरायला वेळ मिळतो. मुरड उकलण्यावर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

रंगासाठी वरून दूध लावावे. दुधातील लॅक्टोज आणि प्रथिने तापल्यावर पृष्ठभागाला सोनेरी रंग येतो; आपल्या करंज्या पांढरट राहिल्या त्या बहुधा दूध न लावल्यामुळेच. बेकरीत यासाठी अंडे वापरतात, पण सणाच्या पदार्थाला त्याची गरज नाही. दुधात केशराच्या दोन काड्या भिजवल्या तर रंग अधिक खुलतो. ब्रशने अगदी पातळ हात फिरवावा. दूध खाली ओघळले की करंजी कागदाला चिकटते आणि तिचा तळ ओला राहतो.

ओटीजी 180 अंशांवर किमान 15 मिनिटे आधी तापवावा आणि वरच्या-खालच्या दोन्ही सळया चालू ठेवाव्यात. करंज्या मधल्या कप्प्यात, एकमेकींना न टेकवता मांडून पहिली 10 मिनिटे 180 अंशांवर भाजाव्यात, म्हणजे कडा लवकर पक्की होते. त्यानंतर तापमान 160 वर आणून आणखी 18 ते 20 मिनिटे द्यावीत. या दुसऱ्या टप्प्यात रंग फारसा बदलत नाही आणि म्हणून अनेक जण तो अर्ध्यावर सोडतात, परंतु पारीतला शेवटचा ओलावा याच वेळी निघतो आणि करंजी पुढे टिकणार की मऊ पडणार हे येथे ठरते. झालेली करंजी उचलल्यावर हलकी लागते आणि नखाने टिचकी मारल्यास पोकळ आवाज येतो. ओव्हन बंद करून दार किंचित उघडे ठेवावे आणि करंज्या 10 मिनिटे आतच राहू द्याव्यात. पंख्याच्या कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये दोन्ही तापमाने 10 ते 15 अंशांनी कमी ठेवावीत.

खानापूर भागातील गावांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. विजेचा दाब उतरला की ओटीजीची उष्णता आपल्या अंदाजापेक्षा बरीच जास्त उतरते, कारण सळईची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: 230 व्होल्टऐवजी 200 व्होल्ट मिळाले तर शक्ती सुमारे तीन चतुर्थांश एवढीच राहते. त्यामुळे ओटीजी तापायला वेळ लागतो आणि दार उघडल्यावर तो पुन्हा लवकर सावरत नाही. सणाच्या संध्याकाळी घरोघरी दिवे आणि उपकरणे चालू असताना भाजण्यापेक्षा सकाळी भाजावे, आणि शक्य असल्यास ओव्हनमध्ये ठेवण्याचा छोटा तापमापक घ्यावा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आहे म्हणून प्रमाण बदलावे लागते का, असेही कोणी विचारतात. एवढ्या उंचीने पाणी 97 ते 98 अंशांना उकळते, पण करंजीच्या भाजणीत त्याने फरक पडत नाही.

ओव्हन नसेल तर जवळच्या बेकरीत विचारावे. लाकडाच्या भट्टीत करंजी द्यायची असल्यास पाव निघून गेल्यानंतरच्या उतरत्या आचेवर ठेवण्यास सांगावे, कारण पावाच्या वेळची आच करंजीला बाहेरून करपवते आणि आतून कच्ची ठेवते. सोवळ्याचा किंवा अंड्याचा विटाळ मानणाऱ्या घरांनी स्वतःचा ट्रे आणि कागद घेऊन जावा. कढईत मीठ तापवून त्यात ताटली ठेवून भाजण्याची युक्ती नानकटाईला चालते. करंजीचा मात्र तळ लाल होतो आणि पाठ पांढरीच राहते.

गणपतीतील प्रयोगाबद्दल सांगायचे तर करंजी अवश्य करावी, पण भाद्रपदात आपल्याकडील हवा दमट असते आणि खानापूरकडे तर पाऊसही थांबलेला नसतो. दिवाळीच्या कोरड्या हवेत खोबऱ्याच्या सारणाची करंजी हवाबंद डब्यात आठवडाभर चांगली राहते. गणपतीत ती दोन दिवसांतच नरमते. करंज्या पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत. नरमलेल्या करंज्या 140 अंशांवर सात-आठ मिनिटे ठेवल्या की पुन्हा कुरकुरीत होतात. कुंद्याची करंजी दुधाची असल्यामुळे कोणत्याही ऋतूत तीन दिवसांत संपवावी. गव्हाच्या किंवा मैद्याच्या पारीचे तळणीचे मोदकही याच रीतीने भाजता येतात, फक्त शेंडा लवकर करपतो म्हणून तो आखूड ठेवावा आणि खालच्या कप्प्यात भाजावे. तांदळाच्या उकडीचे मोदक मात्र ओव्हनमध्ये तडकतात, त्यांना वाफच हवी.

नैवेद्याला भाजलेली करंजी चालते का, हे प्रत्येक घराच्या रीतीवर आहे आणि ते सासूबाईंना विचारूनच ठरवावे. नैवेद्यापुरत्या पाच करंज्या तुपात तळून बाकीच्या भाजण्याचा मार्ग पुष्कळ घरांनी स्वीकारला आहे. तसे करायचे असल्यास त्या पाचांसाठी पीठ वेगळे, कडकडीत मोहन घालून भिजवावे. भाजणीसाठी केलेल्या तुपाळ पिठाच्या करंज्या कढईत विरघळतात. आणि सर्व काम एकाच दिवशी उरकायचे नसल्यास भरलेल्या कच्च्या करंज्या ताटात सुट्या ठेवून फ्रीझरमध्ये घट्ट होऊ द्याव्यात, मग डब्यात भराव्यात. पंधरा दिवसांपर्यंत त्या तशाच राहतात आणि न वितळवता थेट ओव्हनमध्ये घालता येतात. तेव्हा दुसऱ्या टप्प्याला पाच-सहा मिनिटे अधिक द्यावीत.